राणीछाप रुपयाची सरळ कड

२०१० साली, गौरी-गणपती उरकून आठ-दहा दिवस झाले असतील, सोलापूरचे किरीटभाई आमच्या बार्शीच्या घरी एक रुपया बघायला आले. एकच रुपया. त्यासाठी ते सकाळच्या एसटीनं निम्मी वाट उभ्यानं आले होते आणि दारात चपला काढता काढता म्हणाले, "काय तारमास्तर, तुमची राणी कुठंय?"

"राणी आत चहा करतेय," हे म्हणाले. "तुम्हाला बघायचीय ती टेबलावर आहे."

किरीटभाई हसले. आत मलाही हसू आलं. आमच्या घरात सकाळी कुणी हसून पुष्कळ दिवस झाले होते.

हे, म्हणजे माझे यजमान, अच्युत माळवदे. पोस्टात तारमास्तर होते. तारेवरची कटकट ऐकून पलीकडे कोण बसलंय ते ओळखायचे. "सोलापूरचा कांबळे आज तापानं फणफणलाय, हात जड पडतोय त्याचा," असं घरी येऊन सांगायचे आणि ते खरं निघायचं. पण त्या वर्षी त्यांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. काचबिंदूनं डावा डोळा गेला होता. उजव्यानं नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसायचं आणि ती नळी दर महिन्याला बारीक होत होती. डॉक्टरांनी फार तर वर्ष सांगितलं होतं.

नाणी जमवायचा त्यांना नाद होता. डोळा गेल्यावर त्यांनी सगळी वाटून टाकली, काही विकली. ठेवला तो हा एक राणीछाप रुपया. ते सांगायचे की, त्या सालचे रुपये फार थोडे पडले. पण त्यांचा जीव सालात नव्हता, काठात होता. राणीच्या मानेखाली, नखाच्या रुंदीएवढी, त्या रुपयाची कड गोल नव्हती. सरळ होती. तेवढ्या जागी काठावरचे दाते नव्हते आणि आतल्या मण्यांची ओळही अर्धी गेली होती.

ह्यांचं म्हणणं, हा टांकसाळीतला दोष. चांदीच्या पट्टीतून चकत्या कापताना एखादी अगदी पट्टीच्या टोकाला येते, तिची एक बाजू सरळ राहते आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटून तशीच ठशाखाली जाते. असं नाणं हजारात एक. पुण्याचे प्रोफेसर उकिडवे म्हणायचे, छे, कुणीतरी बाहेर घासलाय. संग्राहक मंडळाच्या त्रैमासिकात ह्यांनी लेख लिहिला, उकिडव्यांनी त्याला उत्तर लिहिलं, ह्यांनी त्या उत्तराला उत्तर. एका संमेलनात उकिडवे भर सभेत म्हणाले, "माळवदे, तुमच्या राणीला कुणीतरी कानस लावलीय, आणि तुम्ही तिला जन्मखूण म्हणताय." सगळे हसले. हे दुसऱ्या दिवशीचं जेवण न घेताच परत आले, आणि पुढं एकोणीस वर्षं मंडळाच्या एकाही संमेलनाला गेले नाहीत.

किरीटभाई जुन्या नाण्यांचे व्यापारी. परदेशातली एक कंपनी नाणं तपासते, त्याला दर्जाचा आकडा देते आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून पाठवते. किरीटभाई वर्षातून दोनदा मुंबईला जाऊन गिऱ्हाइकांची नाणी तिकडं धाडत. टांकसाळीतला दोष असेल तर कंपनी डबीवर तसं छापते. बाहेर कुणी घासलेलं असेल तर आकडा देत नाही, नुसता शेरा मारते. फी दोन्हीकडं सारखीच. म्हणून पाठवण्यात अर्थ आहे का, हे बघायला किरीटभाई आले होते.

"मी खरा का उकिडवे," आदल्या रात्री जेवताना हे मला म्हणाले होते, "ते मला माझ्या डोळ्यानं वाचायचंय. दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं नकोय."

चहा घेऊन मी बाहेर आले तेव्हा किरीटभाई हात धुऊन रुमालाला पुसत होते. टेबल खिडकीशी ओढलेलं, त्यावर माझ्या जुन्या काळ्या मखमली पोलक्याचं कापड. अकरापर्यंतच तिथं ऊन असतं, म्हणून ह्यांनी त्यांना सकाळचं बोलावलं होतं. किरीटभाईंनी रुपया दोन बोटांत कडेनं धरला आणि डोळ्याला भिंग लावलं.

"आधी आवाज ऐका," हे म्हणाले.

"आवाज तुम्ही ऐका. मी बघायला आलोय."

"खणखणीत आहे."

"आहे की. खोटा आहे असं कोण म्हणतंय?" त्यांनी पिशवीतून छोटा काटा काढला, रुपया वर ठेवला. "वजनात किंचित कमी."

"कमी असणारच. चकतीच अपुरी होती."

"घासला असला तरी कमीच भरणार की, तारमास्तर."

"समोरची कड बघा," हे म्हणाले. ते खुर्चीच्या अगदी टोकाला आले होते. "चकती जिथं अपुरी असते, त्याच्या बरोबर समोर काठ नीट उठत नाही. तिथं दाब पोचत नाही. उकिडव्यांनी ह्या मुद्द्याला कधी उत्तर दिलं नाही. एकदाही नाही."

किरीटभाईंनी रुपया फिरवला. बराच वेळ बघत राहिले. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मी चहाचे कप ठेवले आणि उभीच राहिले.

"आहे," ते म्हणाले. "बुटका आहे. थोडासा."

"थोडासा म्हणजे आहे."

"तो झिजूनही होतो की."

"झिजायला सगळा काठ पडलाय. नेमका समोरच कसा झिजला?"

"वकील व्हायचं होतं तुम्ही. पोस्टात उगाच आयुष्य घालवलं." मग माझ्याकडं वळून, "वहिनी, घरातही असंच भांडतात का?"

"घरात बोलतात कुठं," मी म्हटलं.

"रेघा दिसतात का?" ह्यांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात ते भांडण नव्हतं.

"तेच बघतोय. घासलेल्याला बारीक रेघा असतात. मला दिसत नाहीत. असल्या तर बुजल्यात. चाळीस वर्षं अंगठा फिरवलाय तुम्ही ह्याच्यावर."

"छत्तीस."

ते छत्तीस मलाही पाठ होते. १९७४ च्या उन्हाळ्यात ह्यांनी त्यांच्या आईची जुन्या रुपयांची पिशवी उघडली होती. सासूबाईंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पिशवी स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्याच्या मागं असायची. पस्तीस-चाळीस रुपये होते. घरात त्याआधी एक वाईट गोष्ट होऊन गेली होती आणि तीन वर्षं हे कुणाशी चार शब्द धड बोलले नव्हते. ड्यूटीवरून यायचे, जेवायचे, भिंतीकडं तोंड करून पडायचे. त्या दिवशी पिशवी जमिनीवर ओतून बसले, एकेक रुपया उजेडात धरून साल वाचायला लागले, आणि मध्येच मला हाक मारली. "कुमुद, हे बघ. ही चकती कापतानाच चुकलीय. एवढ्या मोठ्या टांकसाळीत चूक झाली आणि ती आपल्या घरात येऊन पडली." असं म्हणून ते हसले. तिथून त्यांचा नाद सुरू झाला. पुस्तकं आली, पत्रव्यवहार आला, रविवारी बाजार हिंडणं आलं. माणूस परत आला. पुढच्या वर्षी आमची वैजयंती झाली.

किरीटभाईंनी भिंग खाली ठेवलं, चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता, तरी बोलले नाहीत.

"खरं सांगू? येताना मी ठरवून आलो होतो की नको म्हणायचं. तुमचा मान ठेवायला आलो होतो. पण आता मला वाटतं, दहा आणे होय, सहा आणे नाही."

"म्हणजे पाठवू या."

"पाठवू या. पण एक ऐकून ठेवा. त्यांच्याकडं मोठी यंत्रं असतात. त्यांना रेघा दिसल्या तर 'काठ घासलेला' असं छापतील आणि ते कायमचं. मग मी काही करू शकत नाही."

"छापू द्यात. पण बघू तरी द्यात कुणाला तरी नीट."

किरीटभाईंनी फॉर्म काढला. नाव, पत्ता, नाण्याचं साल. ते लिहीत होते, हे सांगत होते. ह्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला अजून दिसतं. दाढी त्या दिवशी स्वतः केली होती, गालावर दोन ठिकाणी केस राहिले होते. सही करायला त्यांनी पेन घेतलं. किरीटभाईंनी त्यांचं बोट धरून सहीच्या ओळीवर ठेवलं.

आणि रुपया कागदात गुंडाळता गुंडाळता किरीटभाई आपले सहज बोलत होते. "मला तर उकिडव्यांचं म्हणणं व्यवहारातच बसत नाही, बघा. कोण कशाला घासेल? जुने सराफ मोहरा घासायचे, सोन्याची भुकटी मिळायची. रुपया घासून काय मिळणार, आणि त्यात पुरी चांदी तरी कुठं असते? बाराला एक भाग तांबं."

"तांबं?" मी म्हटलं.

"तर काय, वहिनी. त्याशिवाय नाणं टणक कसं राहील?"

"राणीछापमध्ये नसेल. सगळे म्हणायचे, राणीछाप म्हणजे निव्वळ चांदी."

"असं सगळेच म्हणतात. पण राणीछाप असो नाहीतर राजाछाप, तांबं असणारच."

मला तिथून आत जाता आलं असतं. कप उचलायचे होतेच. मी ते उचललेही.

"आणि ते पोटात गेलं तर?"

किरीटभाई हसले. "रुपया कोण गिळतंय, वहिनी?"

"गिळून नाही. उगाळून."

ह्यांच्या हातातलं पेन फॉर्मवर टेकलेलं होतं. ते उचललं गेलं नाही.

किरीटभाई व्यापारी असले तरी बालबच्चेवाला माणूस. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी कागदाची पुडी पुन्हा उलगडली, रुपया मखमलीवर ठेवला आणि खाली बघत म्हणाले, "एवढ्याशा तांब्यानं काही होत नसतं. आमच्याकडं रोज सकाळी तांब्याच्या लोट्यातलं पाणी पितात."

"लहान मुलाला पण नाही होत?"

"नाही, वहिनी."

"रोज दिलं तरी?"

त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "किरीटभाई, तुमची सोलापूर गाडी कितीला आहे?"

"बाराला एक आहे."

"मिळेल तुम्हाला."

किरीटभाईंनी काटा, भिंग, रुमाल पिशवीत टाकला. फॉर्म तसाच टेबलावर ठेवला. फी आधी मनीऑर्डरनं पाठवली होती; तेवढ्या नोटा त्यांनी खिशातून काढून फॉर्मखाली ठेवल्या. दारात चपला घालताना मला एवढंच म्हणाले, "मी बोललो नसतो तर बरं झालं असतं."

ते गेल्यावर ह्यांनी पेनाला टोपण घातलं. ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर गेलं होतं.

"सहाण आण," हे म्हणाले.

मी आणली. तीच होती, आमच्याकडं दुसरी कधी नव्हतीच. त्यांनी ती दोन्ही हातांनी चाचपून समोर ठेवली. रुपया घेतला, अंगठ्यानं ती सरळ जागा शोधली आणि सहाणेवर टेकवली. हात काढला तेव्हा रुपया क्षणभर आपला आपण उभा राहिला. मग त्यांनी पाण्याचं बोट लावलं आणि एक वेढा दिला. एकच, सावकाश.

"हा आवाज मी रोज ऐकायचो," ते म्हणाले. "सकाळी, अंघोळ करताना. मला वाटायचं, आई देवाला गंध उगाळतेय."



आमचा पहिला मुलगा श्रीरंग १९७१ च्या फेब्रुवारीत झाला आणि त्याच वर्षी दसऱ्याच्या चार दिवस आधी गेला. आठ महिन्यांचा होता. तिसऱ्या महिन्यापासून अंगी लागेना. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. डॉक्टरांचं औषध चालू होतं, आणि गुटीही चालू होती, कारण गुटी सगळ्यांच्याच घरी चालू असायची. मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, बदाम, खारीक, आणि सोन्या-चांदीचा एकेक वेढा. सोन्याला माझी अंगठी होती. चांदीला सासूबाईंनी डाळीच्या डब्यामागची पिशवी सोडून एक रुपया काढून दिला. म्हणाल्या, चांदी थंड असते, तापावर बरी. राणीछाप आहे, ह्यात भेसळ नाही.

"किती वेढे द्यायचीस?" ह्यांनी विचारलं.

"आधी दोन."

"आणि नंतर?"

"नंतर मोजले नाहीत."

"आई सांगायची?"

"दोनच त्यांनी सांगितले होते."

बाकीचे माझे होते. ताप चढला की मी आणखी उगाळायची. शेवटच्या महिन्यात सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. करड्या रंगाचं पाणी उतरायचं, ते मी चमच्यानं त्याच्या तोंडात घालायची. तो तोंड वाकडं करायचा, तरी घालायची. तो गेला त्या दिवशी रुपया धुतला, पुसला आणि पिशवीत टाकून गाठ मारली. कुणी विचारलं नाही. सासूबाई सत्तरीच्या होत्या, दोन वर्षांनी त्याही गेल्या.

"मी पिशवी उघडली त्या दिवशी तू इथंच होतीस," हे म्हणाले.

"हो."

"मी तुला दाखवला होता."

"हो."

"मी हसलो होतो, कुमुद."

"म्हणून नाही सांगितलं," मी म्हटलं.

त्यावर त्यांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढंही नाही.

दुपारी ते जेवले. नेहमीएवढंच जेवले. मग मला म्हणाले, कागद घे. त्यांना लिहिता येत नसे म्हणून त्यांची पत्रं मीच लिहायची. मंडळाच्या संपादकांना पत्र होतं. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'माझ्या संग्रहातील राणीछाप रुपयाच्या काठावरील दोष टांकसाळीतला असल्याचे मी वेळोवेळी प्रतिपादन केले होते. ते चुकीचे होते. सदर दोष नाणे चलनातून गेल्यानंतर घरगुती वापराने झालेला आहे. प्रो. उकिडवे यांचे मत बरोबर होते. वाचकांची दिशाभूल झाल्याबद्दल दिलगीर आहे.'

"कसला वापर ते लिहू का?" मी विचारलं.

"नको. घरगुती वापर एवढं पुरे."

मी ते दोन शब्द लिहिले. माझं अक्षर चांगलं आहे असं ते नेहमी म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी कागद डोळ्याजवळ नेला, नळीतून एकेक शब्द वाचला, सही केली आणि स्वतः भिंतीला हात लावत लावत कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले.

मला वाटलं होतं, रागावतील. किंवा रडतील. दोन्ही झालं नाही. तोवर त्यांच्या डोळ्यांत दिवसातून तीनदा औषधाचे थेंब मी घालत असे. त्या संध्याकाळी मी बाटली घेऊन गेले तर म्हणाले, "ठेव तिथं. मी घालीन." आणि तेव्हापासून शेवटपर्यंत स्वतःच घालत राहिले. थेंब डोळ्यात कमी पडायचे. भुवईवर, नाकावर, गालावर पडायचे आणि ते तसेच मान वर करून बसायचे. माझ्या हातचं औषध नको म्हणून, की मला पुन्हा कुणाला औषध घालायला लागू नये म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. दोन्हींतलं कुठलं उत्तर मला सोसलं असतं, ते अजून ठरत नाही.

त्रैमासिकानं ते पत्र छापलं, शेवटच्या पानावर. प्रोफेसर उकिडव्यांचं कार्ड आलं. फार सभ्य कार्ड होतं. इतका प्रामाणिक संग्राहक विरळा, असं लिहिलं होतं. हे तेव्हा वाचू शकत नव्हते. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं." उकिडवे पुढं तीन वर्षांनी पुण्यात वारले.

किरीटभाई मात्र येत राहिले, वर्षातून एकदा, नाण्यांचा विषय न काढता. सोलापुरी चादर आणायचे, तासभर बसायचे, तारेच्या काळातल्या गोष्टी ऐकायचे. त्यांचं दुकान आता त्यांचा पुतण्या बघतो.

ह्यांचा उजवा डोळा २०११ च्या संक्रांतीला गेला. त्यानंतर पाच वर्षं हे होते. श्रीरंगचं नाव आमच्यात एकदाच निघालं. दवाखान्यात नर्सनं फॉर्म भरताना विचारलं, आजोबा, मुलं किती? हे म्हणाले, "एक मुलगी." मग थोड्या वेळानं, ती निघून गेल्यावर, माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "श्रीरंग आता पंचेचाळीस वर्षांचा असता." मी म्हटलं, हो. आठवड्यानं गेले.

घर आवरायला वैजयंती आली. तिला एक मोठा भाऊ होता, एवढं तिला माहीत आहे. तिनं जुनी चांदी सगळी एकत्र बांधली, माझे पैंजण, करंड्याचं झाकण, तो रुपया, आणि पुण्याच्या सराफाकडं देऊन माझ्या नातवासाठी वाटी-चमचा करून घेतला. मला विचारलं होतं. मी नको म्हटलं नाही. सराफानं चांदी आटवली, तांब्याची तूट धरली आणि उरलेल्याची वाटी दिली, असं ती फोनवर म्हणाली.

मी आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्याकडंच असते. रुपयाएवढ्या नाण्यातलं तांबं, तेही उगाळून, त्यानं मूल जात नाही, असं मला आतापर्यंत तीन डॉक्टरांनी सांगितलंय. तिघंही शिकलेले, तिघंही चांगले. इथल्या कोपऱ्यावर गेल्या महिन्यात एका बाईंनी नवा दवाखाना उघडलाय, लहान मुलांच्या डॉक्टर आहेत. वैजयंती ऑफिसला गेली की मी एकदा त्यांनाही विचारून येणार आहे.